एनपी, एसएनएस आणि वि. स.

सकाळी महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळा उघडतात, कंपन्यांमध्ये पहिला चहा टेबलावर येतो, आणि आकडेमोडीची नवी फाइल उघडली की तिच्या माथ्यावर हमखास एक ओळ पडते : इम्पोर्ट नमपाय अ‍ॅज एनपी. पायथन या संगणकभाषेत आकड्यांचं काम करणाऱ्यांचा हा श्रीगणेशाच म्हणायचा. अर्थ एवढाच, की नमपाय नावाचं गणिताचं तयार पॅकेज मला हवं आहे आणि या फाइलपुरतं मी त्याला एनपी म्हणणार आहे.

रोमन लिपीत नमपायची अक्षरं पाच आणि एनपीची दोन. तीन अक्षरं वाचवण्यासाठी एक संकेत रूढ करायचा आणि जगभरच्या लोकांनी तो निमूटपणे पाळायचा, हा बाहेरून पाहणाऱ्याला बोटांचा आळस वाटेल. पण बोटांची सोय एडिटरने केव्हाच करून ठेवली आहे. दोन अक्षरं टाका, टॅब दाबा, नाव पुरं होतं. आखूड नाव लागतं ते डोळ्यांना. आलेख काढायचं पॅकेज घ्या. त्याचं पूर्ण नाव मॅटप्लॉटलिब डॉट पायप्लॉट, रोमनमध्ये मधलं टिंब धरून सतरा अक्षरं. साधा आलेख काढायचा तरी रेषा काढा, आडव्या अक्षाला नाव द्या, उभ्या अक्षाला द्या, शीर्षक द्या, खुणांची चौकट घाला, दाखवा, अशा पाच-सहा आज्ञा लागतात. प्रत्येक ओळ त्या सतरा अक्षरांनी सुरू झाली तर वाचणाऱ्याला सहा वेळा पॅकेजचं नाव दिसतं आणि आलेखात काय चाललंय ते ओळीच्या शेपटाशी शोधावं लागतं. पीएलटी म्हटलं की डावीकडची भिंत पातळ होते आणि रेषा, अक्ष, शीर्षक हे शब्द पुढे येतात. सूत्रांचं तर विचारूच नका. वजाबाकी, वर्ग, बेरीज, वर्गमूळ एवढं एका ओळीत लिहायचं झालं तर एनपीने ते सूत्रासारखं दिसतं. पूर्ण नावाने अर्ज लिहिल्यासारखं दिसतं.

मग ती दोन अक्षरं तरी कशाला ठेवायची? तीही काढून टाकता येतात. पायथनमध्ये तारांकन वापरून पॅकेजमधलं सगळं घरात ओतून घेता येतं, जावातही येतं, एडा भाषेत ‘यूज’ म्हटलं की तेच होतं. पुढे नाव लावायची गरजच उरत नाही. हा मोह जुना आहे आणि त्याची किंमतही जुनी आहे.

नमपायमध्ये ‘सम’ नावाचं बेरजेचं फंक्शन आहे. पायथनचं स्वतःचंही ‘सम’ आहे. दोघांना शून्य ते चार हे आकडे द्या आणि सोबत दुसरी किंमत म्हणून उणे एक द्या. पायथनचं ‘सम’ म्हणतं नऊ, नमपायचं म्हणतं दहा. दोघंही बरोबर आहेत. पायथनच्या लेखी दुसरी किंमत म्हणजे बेरीज कुठून सुरू करायची तो आकडा. उणे एकपासून निघालं की दहाचे नऊ होतात. नमपायच्या लेखी ती म्हणजे कोणत्या अक्षावर बेरीज करायची ते. उणे एक म्हणजे शेवटचा अक्ष, आणि इथे अक्ष एकच असल्यामुळे उत्तर पूर्ण दहा. आता कल्पना करा, फाइलच्या वरच्या टोकाला कोणीतरी तारांकन घालून सगळं ओतून घेतलं आहे आणि खाली नुसतं ‘सम’ लिहिलं आहे. प्रोग्रॅम अडखळत नाही, तक्रार करत नाही, शांतपणे एकाचा फरक पाडून पुढे जातो. अशी चूक हिशेबात महिनोन्‌महिने बसून राहू शकते. एनपी डॉट सम म्हटलं असतं तर शंकेला जागाच नव्हती.

जावाचा किस्सा याहून गमतीदार. जावाच्या पहिल्या आवृत्त्यांत ‘लिस्ट’ म्हणजे पडद्यावर दिसणारी, माउसने निवडायची यादी. ती खिडक्या-बटणांच्या ‘एडब्ल्यूटी’ पॅकेजात राहायची. 1998 च्या डिसेंबरात जावा 1.2 आलं आणि ‘युटिल’ पॅकेजात दुसरी ‘लिस्ट’ जन्मली, माहिती क्रमाने साठवायची. ज्यांनी दोन्ही पॅकेजं तारांकनाने ओतून घेतली होती आणि खाली नुसतं ‘लिस्ट’ लिहिलं होतं, त्यांचे कालपर्यंत नीट चालणारे प्रोग्रॅम नव्या आवृत्तीवर कम्पाइलच होईनात. कम्पायलर म्हणे, कोणती लिस्ट? त्या बिचाऱ्यांनी आपल्या कोडमधलं एक अक्षरही बदललं नव्हतं.

आणि जावाची खरी अडचण पुढेच आहे. या भाषेत पॅकेजची नावं मुळातच लांबलचक, कारण संस्थेचा इंटरनेटवरचा पत्ता उलटा करून नावाआधी लावायचा असा रिवाज. त्यामुळे जगात दोन पॅकेजं एका नावाची निघत नाहीत, हे खरंच शहाणपणाचं. पण आयात करताना दुसरं नाव देण्याची सोय जावात नाही. तारखेसाठी ‘युटिल’मध्येही ‘डेट’ आहे आणि डेटाबेसच्या ‘एसक्यूएल’ पॅकेजातही ‘डेट’ आहे. एकाच फाइलीत दोन्ही हव्या असतील तर एकीला नुसतं नाव मिळतं आणि दुसरीला प्रत्येक वेळी सगळी वंशावळ लावून बोलवावं लागतं. एवढी वर्षं जावावाले हे निमूट लिहीत आले आहेत. सवय झाली की माणूस काहीही लिहितो.

एडाची गोष्ट वेगळी. अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी घडवलेली ही भाषा. तिच्या लष्करी मानकाचा क्रमांक 1815, म्हणजे जिच्यावरून नाव ठेवलं त्या एडा लव्हलेसचं जन्मवर्ष. लिहिणाऱ्याच्या सोयीपेक्षा वाचणाऱ्याची सोय मोठी, हे या भाषेच्या घडणकर्त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. म्हणून तिथली नावं पूर्ण आणि सुस्पष्ट : एडा डॉट स्ट्रिंग्ज डॉट अनबाउंडेड. विमानं आणि रेल्वेचे सिग्नल चालवणाऱ्या कोडमध्ये ‘यूज’ने सगळं ओतून घेणं अनेक ठिकाणी नियमाने बंद असतं. मग दर वेळी ही आगगाडी लिहायची? नाही. ‘रीनेम्स’ हा शब्द एडात 1983 पासून आहे. अमुक पॅकेज म्हणजे यापुढे एसयू, असं एका ओळीत सांगता येतं. ती ओळ एका प्रोसीजरच्या आत लिहिली तर ते नाव तेवढ्याच प्रोसीजरपुरतं जगतं, शेजारच्या प्रोसीजरला त्याचा पत्ताही नसतो. मला ही सोय फार आवडते.

पायथनला ही अक्कल 2000 साली आली. तोवर लोक दोन-तीन ओळी खर्चायचे : पॅकेज आणा, दुसऱ्या नावात ठेवा, पहिलं नाव पुसा. टॉमस वाउटर्स यांनी त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये प्रस्ताव लिहिला, क्रमांक 221, आणि ‘अ‍ॅज’ची सोय पायथन 2.0 मध्ये आली. गंमत म्हणजे ‘अ‍ॅज’ हा तेव्हा राखीव शब्द नव्हता. तुम्ही तुमच्या चलाचं नाव ‘अ‍ॅज’ ठेवू शकत होता. 2008 च्या 2.6 आवृत्तीत तो दरवाजा बंद झाला.

आता प्रश्न असा, की हे आखूड नाव द्यायचा अधिकार कोणाचा? पॅकेज लिहिणाऱ्याचा की वापरणाऱ्याचा? कॉमन लिस्प या भाषेने सुरुवातीला तो लिहिणाऱ्याला दिला. पॅकेजच्या कर्त्याने त्याचं मूळ नाव सांगताना लाडकं नावही सांगायचं आणि ते सगळ्यांना लागू. दोन वेगळ्या लेखकांनी आपापल्या पॅकेजला एकच छोटं नाव दिलं की दोन्ही एकत्र नांदेनात. मग बऱ्याच अंमलबजावण्यांनी पॅकेजपुरतं नाव देण्याची सोय आणली, म्हणजे अधिकार वापरणाऱ्याच्या हाती आला. सी प्लस प्लसमध्ये हाच धडा दुसऱ्या वाटेने शिकावा लागतो. फाइलसिस्टमच्या नावाला एफएस म्हणणं तिथे सर्रास आहे आणि त्यात काही वाईट नाही. पण ती ओळ हेडर फाइलीत उघड्यावर लिहिली तर ते हेडर घेणाऱ्या प्रत्येकाच्या घरात एफएस शिरतो, त्याला विचारल्याशिवाय. म्हणून हेडरमध्ये असं नाव उघड्यावर ठेवू नका, असं गूगलची सी प्लस प्लस नियमावली बजावते.

मराठी वाचकाला हे नवं वाटू नये. आपण लेखकांना आद्याक्षरांनीच ओळखतो. साहित्याच्या गप्पांत कोणी ‘वि. स.’ म्हटलं की खांडेकर, विष्णु सखाराम, 1974 चं ज्ञानपीठ ज्यांच्या ‘ययाति’ला मिळालं ते. पण तेच ‘वि. स.’ रोजगार हमी योजनेच्या इतिहासावर बोलणाऱ्या कोणी उच्चारलं तर ते पागे, विठ्ठल सखाराम, विधान परिषदेचे सभापती. वडिलांचं नावही तेच, त्यामुळे आद्याक्षरांत फटच नाही. दोन मंडळी वेगवेगळ्या खोल्यांत बसली आहेत तोवर कुठलाच घोळ नाही. घोळ होतो तो दोन्ही विषय एका मेजावर आले की.

संगणकात हे मेज रोज मांडलं जातं. पायटॉर्च वापरून न्यूरल नेटवर्क लिहिणारा ‘एफ’ म्हणतो तेव्हा त्याला टॉर्चमधलं ‘फंक्शनल’ अभिप्रेत असतं. पायस्पार्कवर प्रचंड माहितीची चाळण करणारा ‘एफ’ म्हणतो तेव्हा त्याला स्पार्क एसक्यूएलची ‘फंक्शन्स’ हवी असतात. जँगोत वेबसाइट बांधणाऱ्याचा ‘एफ’ तर टोपणनावही नव्हे, तो खरोखरच एफ नावाचा वर्ग, डेटाबेसमधल्या रकान्याकडे बोट दाखवणारा. तिघेही एकाच अक्षरावर संसार करतात आणि तिघांच्याही आपापल्या वर्तुळात ते अगदी उघड वाटतं. स्पार्कमधून माहिती काढून ती पायटॉर्चला भरवणारी फाइल ज्याला लिहावी लागते, त्याने कोणाचा एफ ठेवायचा? माझं मत विचाराल तर कोणाचाच नाही. तिथे दोघांनाही तीन-चार अक्षरांची वेगळी नावं द्यावीत आणि एकाक्षरी ऐट सोडून द्यावी.

गो भाषेतलं उदाहरण याहून गंभीर. गोमधली यादृच्छिक आकड्यांची दोन पॅकेजं घ्या. एकाचा मार्ग मॅथ स्लॅश रँड, दुसऱ्याचा क्रिप्टो स्लॅश रँड. गोच्या रिवाजाने मार्गातला शेवटचा शब्द हेच वापरायचं नाव, म्हणजे दोघंही नुसते ‘रँड’. पहिल्याचे आकडे सूत्रातून निघतात. सुरुवातीचं बीज कळलं की पुढची सगळी मालिका कोणालाही मांडता येते. खेळातले फासे टाकायला ते झकास. दुसऱ्याचे आकडे ऑपरेटिंग सिस्टमकडून येतात, गुप्त किल्ल्या बनवण्याच्या लायकीचे. दोघांतही ‘रीड’ नावाचं फंक्शन, दोघांचंही काम दिलेली जागा यादृच्छिक बाइट्सनी भरणं. फाइलीच्या मध्यावर ‘रँड डॉट रीड’ अशी ओळ दिसली की ती फासे टाकते आहे की तिजोरीची किल्ली घडवते आहे, हे त्या ओळीवरून सांगता येत नाही. वर जाऊन आयातीची यादी पाहावी लागते. तपासणी करणारा माणूस दर वेळी वर जातोच असं नाही. अखेर फेब्रुवारी 2023 मध्ये गो 1.20 आलं तेव्हा मॅथवाल्या ‘रीड’वर ‘वापरू नये’ असा शिक्का बसला. त्याआधीही जाणती मंडळी क्रिप्टोवाल्याला ‘सीरँड’ असं नाव द्यायची. म्हणजे मूळ नावापेक्षा टोपणनाव एका अक्षराने लांब! अक्षरं मोजणाऱ्याला हे उलटं वाटेल, पण ओळ वाचताना तो ‘सी’ जे सांगतो ते दुसरं काहीच सांगत नाही.

काही नावांच्या मागे निव्वळ लाड असतो. सांख्यिकी आलेखांचं सीबॉर्न हे मायकेल वास्कॉम यांचं पॅकेज. त्याचं आखूड नाव एसएनएस. सीबॉर्नमध्ये एस आहे, एन शेवटी आहे, पण दुसरा एस कुठून आला हे अक्षरांत शोधून सापडत नाही. तो आला अमेरिकन दूरदर्शन मालिकेतून. ‘द वेस्ट विंग’ या मालिकेत व्हाइट हाउसमधला सॅम सीबॉर्न नावाचा तरुण अधिकारी आहे, रॉब लोव यांनी रंगवलेला. त्याचं पूर्ण नाव सॅम्युएल नॉर्मन सीबॉर्न. ती मालिका कधी न पाहिलेली मुलं नांदेडपासून न्यू जर्सीपर्यंत त्याची आद्याक्षरं रोज टंकतात. एकाला सवलत मिळाली म्हणून सगळ्यांना मिळत नाही हेही आहे. नमपायच्या दस्तऐवजांच्या नियमावलीत एनपी, पीएलटी यांना मान्यता आहे, पण सायपाय या पॅकेजचं नाव आखूड करू नका, प्रत्यक्षात त्याची गरजच पडत नाही, असं स्पष्ट लिहिलं आहे. बरंच आहे ते. एसपीवर हक्क सांगायला सिम्पाय आणि स्पेसी ही पॅकेजंही बसलेलीच आहेत, आणि आपल्याकडे एसपी म्हटलं की जिल्ह्याचा पोलीस अधीक्षक.

गूगलच्या पायथन नियमावलीनेही हीच रेष ओढली आहे : ‘इम्पोर्ट अमुक अ‍ॅज तमुक’ अशी ओळ लिहायची तर तमुक हे सर्वमान्य आखूड नावच हवं, आणि उदाहरण एनपीचं. तांत्रिकदृष्ट्या पायथनला काहीच फरक पडत नाही. नमपायला ‘गणू’ म्हणा, ‘बाप्पा’ म्हणा, प्रोग्रॅम तितक्याच वेगाने चालेल. फाइलपुरतं नाव देण्याचा हक्क कायद्याने तुमचा आहे आणि तरीही तो बजावायचा नाही, असा हा मामला.

इतका की शेवटी खुद्द पॅकेजनेच ते नाव पत्करलं. जून 2024 मध्ये नमपाय 2.0 आलं. त्याआधी प्रॉम्प्टवर एखादं उत्तर मागवलं की 3.0 एवढंच दिसायचं. आता दिसतं एनपी डॉट फ्लोट64, कंसात 3.0. आकडा साधा पायथनचा नसून नमपायचा आहे हे कळावं हा हेतू, आणि तो योग्यच. पण ओळख सांगताना नमपाय स्वतःला नमपाय म्हणत नाही, एनपी म्हणतं. तुम्ही ते गणू म्हणून आणलं असलं तरी उत्तर एनपीच्याच नावाने येतं. वापरणाऱ्यांनी फाइलीपुरतं ठेवलेलं नाव दोन दशकांच्या आत मालकाच्या लेटरहेडवर गेलं. ज्यांच्या चाचण्या छापील उत्तर अक्षरशः पडताळून पाहायच्या त्यांची त्या दिवशी पंचाईत झाली असणार, पण तक्रार नावाबद्दल नव्हती. एनपी कोण, असं कोणी विचारलं नाही.

विचारतो तो नवा विद्यार्थी. तो कुठून तरी कोडचा मधलाच तुकडा उचलतो, आपल्या फाइलीत चिकटवतो आणि पडद्यावर तांबडी ओळ येते : नेम एरर, एनपी नावाचं काही माहीत नाही. मग तो एनपी नावाचं पॅकेज कुठे मिळतं ते शोधत बसतो, कारण त्याने नमपाय हे नाव ऐकलंच नसतं. शिकवणारे पहिल्या तासाला फळ्यावर एनपीच लिहितात. मला वाटतं पहिले दोन-तीन तास पूर्ण नावानेच काढावेत. मुलांना प्रत्येक ओळीत नमपाय लिहू द्यावं, मग आलेखाच्या धड्याला ती सतरा अक्षरांची रांग सहा वेळा लिहायला लावावी. कोणीतरी मागच्या बाकावरून विचारेलच, सर, याला काही छोटं नाव नाही का? ‘अ‍ॅज’ तेव्हा शिकवावा.